गळती चाचणीचा अहवाल कामगाराच्या हाती हवा

खानदेशात ज्या वीजकेंद्रात, कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी स्रोत असलेलं उपकरण आहे, तिथल्या गळती चाचणीचा (स्रोताच्या आवरणातून किरणोत्सर्गी पदार्थ बाहेर येतोय का, हे पाहणाऱ्या तपासणीचा) अहवाल त्या उपकरणापाशी राबणाऱ्या माणसाला वाचायला मिळाला पाहिजे, तोही त्याला कळेल अशा भाषेत. आणि तो कारखाना उद्या बंद पडला, तर ताजी चाचणी झाल्याशिवाय आणि स्रोत परत पाठवल्याचा पुरावा हाती असल्याशिवाय तिथला नटबोल्टही भंगारात जाता कामा नये. मी मागतो आहे ते एवढंच. यातली पहिली गोष्ट व्हावी असं कुणाला फारसं वाटत नाही आणि दुसरी नियमात असूनही नेमकी गरजेच्या वेळी निसटते, म्हणून हा लेख.

किरणोत्सर्ग म्हटलं की आपल्याला तारापूर आठवतं, फार तर मुंबईतलं कर्करोगाचं इस्पितळ. पण बंदिस्त स्रोत, म्हणजे कॅप्सूलमध्ये कायमचे बंद केलेले किरणोत्सर्गी पदार्थ, अगदी साध्या कामांना लागतात. औष्णिक वीजकेंद्रात कोळशाचा बंकर किती भरला, राख जमा होणारा हॉपर तुंबला का, हे आत डोकावून बघता येत नाही. मग टाकीच्या एका बाजूला शिशाच्या जाड डब्यात सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० चा स्रोत बसवतात आणि समोरच्या बाजूला शोधक. मध्ये माल आला की पलीकडे पोहोचणारे किरण कमी होतात, आणि कंट्रोल रूममध्ये पातळी कळते. सिमेंट, कागद, पोलाद या धंद्यांत हीच तऱ्हा. प्लास्टिकच्या पातळ शीटची जाडी चालू यंत्रावर मोजायला बीटा किरणांचे स्रोत वापरतात. रस्त्याच्या थराची दबाई नीट झाली का, हे तपासणाऱ्या एका प्रकारच्या पेटीत सीझियम असतं आणि ओल मोजायला अमेरिशियम-बेरिलियम. केळीवर किंवा भाजीवर कीटकनाशकाचे अंश किती राहिले, हे शोधणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या एका शोधकात निकेल-६३ चा मुलामा दिलेला पत्रा असतो. भुसावळजवळचं दीपनगरचं औष्णिक वीजकेंद्र, जळगावचा पाइप आणि प्लास्टिकचा पसारा, धुळ्याची एमआयडीसी, चौपदरी झालेले महामार्ग हे सगळं पाहिलं, तर हा विषय आपल्या दारचा आहे हे वेगळं सांगायला नको. यांपैकी कुठे काही गळतंय असं मी म्हणत नाही. गळत नाही हे कोण, कसं आणि कुणाला सांगतं, हा माझा प्रश्न आहे.

आधी या स्रोतांच्या बाजूने जे खरं आहे ते सांगायला हवं. अशा मोजमापाच्या उपकरणातला, म्हणजे गेजमधला, आजचा चांगला स्रोत म्हणजे पोलादाच्या दुहेरी कॅप्सूलमध्ये वेल्डिंगने बंद केलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा. गॅमा गेजसाठी जे स्रोत बनतात त्यांच्या नमुन्यांची ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून परीक्षा घेतलेली असते. त्यामुळे आपल्या मे महिन्यातल्या ४६-४७ अंशांनी कॅप्सूलचं काही बिघडत नाही. बिघडतं ते भोवतालचं. राखेची धूळ किरण रोखणाऱ्या शटरमध्ये जाऊन ते अडकतं. हॉपर मोकळा करायला कुणी घण घालतो, आणि गेजचे बोल्ट सैल होतात. पावसाळ्यात गंज चढतो. वेल्डिंगवाला शेजारी काम करताना गेजच्याच ब्रॅकेटला आधार घेतो. कॅप्सूल फुटण्याचं प्रमाण फारच कमी आहे, पण अगदीच शून्य नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डिकेटर इथे वैद्यकीय सामान निर्जंतुक करणाऱ्या एका कारखान्यात १९८८ साली सीझियमची एक कॅप्सूल गळली. तिथे अडीचशेच्या आसपास कॅप्सूल होत्या, त्यांतली एक. पाण्याच्या टाकीतून वारंवार वर-खाली होताना तापणं आणि निवणं तिला भोवलं. सफाईला कोट्यवधी डॉलर लागले.

आता चाचणी. ती इतकी साधी आहे की तिला कुणी मान देत नाही. ओलसर केलेला कापसाचा बोळा किंवा फिल्टर पेपरचा तुकडा चिमट्यात धरायचा, हातमोजे घालायचे, शटर बंद आहे याची खात्री करायची, आणि स्रोत फुटला तर त्याचा अंश जिथे सर्वांत आधी येईल त्या जागा पुसायच्या : शटरची फट, झाकणाचे सांधे, बोल्टांच्या कडा. उघड्या कॅप्सूलला कुणी हात लावत नाही. मग तो बोळा पिशवीत घालून, त्यावर उपकरणाचा क्रमांक आणि तारीख लिहून, संवेदनशील मोजणी यंत्रापाशी न्यायचा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार बोळ्यावर २०० बेकेरेल किंवा त्याहून अधिक सापडलं तर स्रोत गळका धरायचा. अमेरिकेत ही रेघ १८५ वर आहे आणि चाचणी साधारणपणे दर सहा महिन्यांनी करतात. काही उपकरणांना तीन वर्षांपर्यंत सवलत मिळते. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याच्या अटी आणि उत्पादकाच्या सूचना यांवर ती मुदत ठरते.

२०० बेकेरेल म्हणजे सेकंदाला २०० अणूंचं विघटन. रावेर-यावलच्या माणसाला हे सांगायला सोपं आहे. केळ्यातल्या पोटॅशियममुळे एका केळ्यात साधारण १५ बेकेरेल असतात, म्हणजे डझनभर केळी घेतली की आपण त्या रेघेच्या जवळ पोहोचतो. इतकं कमी! यावर लगेच कुणी म्हणेल, मग घाबरायचं कशाला? त्या २०० ला घाबरायचं नाहीच. पण गेजमधला १०० मिलिक्युरीचा स्रोत म्हणजे ३७० कोटी बेकेरेल. बोळ्यावर आलेला अंश हा त्याचा १ कोटी ८५ लाखावा भाग. उरलेलं सगळं अजून आत आहे, आणि त्याच्या भोवतीचं पोलाद आता अभंग राहिलेलं नाही, एवढी बातमी तो बोळा देतो. ती बातमी वेळेत मिळाली तर काम एका उपकरणापुरतं राहतं. उशिरा मिळाली तर कपडे, बूट, डबा, सायकलची मूठ आणि घरातलं पोर, कुठवर पाहायचं याला अंत राहत नाही.

इथे एक चूक फार सर्रास होते. माझा एक जुना विद्यार्थी एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. सहामाही तपासणीबद्दल विचारलं तर म्हणाला, "सर, मीटर फिरवलं ना! रीडिंग नेहमीचंच होतं, मग साहेबांनी सही केली." किरण मोजणारं हातातलं सर्व्हे मीटर फिरवणं ही चांगली सवय आहे. शटर नीट बंद होतंय का, शिशाचं आवरण शाबूत आहे का, हे त्यातून कळतं. पण गळती कळत नाही. गेजच्या अंगावर मीटर धरलं की ते आतल्या कोट्यवधी बेकेरेलचे आवरणातून निसटलेले किरणच मोजतं. त्या काट्यात बाहेर आलेले २०० कुठे दिसणार? निकेल-६३ चे बीटा किरण तर इतके दुबळे की साध्या सर्व्हे मीटरला त्यांची जवळपास दखलच नसते. त्यासाठी बोळा द्रव-प्रस्फुरण मोजणीत (किरण लागताच चमकणाऱ्या द्रवात बुडवून ती चमक मोजण्याच्या पद्धतीत) घालावा लागतो. अमेरिशियमच्या अल्फा किरणांना कागदाचा कपटाही अडवतो. म्हणून बोळा उपकरणापासून दूर नेऊन, शांत जागी, योग्य यंत्रात मोजायचा असतो. मीटरचं रीडिंग लिहून 'गळती नाही' असा शेरा मारला, तर त्या कागदाला काही अर्थ राहत नाही. आणि तो कागद कामगार कधी पाहतच नसल्याने, "यात बोळ्याची मोजणी कुठे आहे?" असं विचारणारं कुणी नसतं. मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला हा फरक कुणी शिकवलाच नव्हता, आणि पदविकेच्या अभ्यासक्रमात या विषयाला जेमतेम एखादं पान मिळतं. (क्रिप्टॉन-८५ हा वायू आहे, तो गळला तर हवेत निघून जातो, बोळ्यावर राहत नाही, म्हणून त्या स्रोतांना ही चाचणी लागू पडत नाही. पुसून मोकळं होणाऱ्यांना तेही ठाऊक हवं.)

या चाचणीचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते तो गळती शोधण्याहून मोठा आहे. ठरावीक मुदतीने एका माणसाला शिडी चढून त्या डब्यापाशी जावंच लागतं. डबा जागेवर आहे, त्यावरचा क्रमांक नोंदवहीशी जुळतो, शटर हलतं, कुलूप आहे, पिवळी पाटी वाचता येते, हे सारं त्या वेळी डोळ्यांखालून जातं. ही स्रोताची हजेरी आहे. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका खाणीतला घनतामापक दुरुस्तीसाठी ट्रकने पर्थकडे निघाला. वाटेत हादऱ्यांनी तो सुटा झाला आणि ६ मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर उंच अशी सीझियमची कॅप्सूल रस्त्यात पडली. पेटी उघडेपर्यंत कित्येक दिवस कुणाला पत्ता नव्हता. १,४०० किलोमीटरचा रस्ता धुंडाळून ती सापडली. त्याच वर्षी मार्चमध्ये थायलंडच्या प्राचिनबुरी प्रांतात एका वीजकेंद्राच्या टाकीवरचा पातळीमापक गायब असल्याचं उघड झालं, आणि पुढे सीझियम सापडलं ते पोलाद वितळवणाऱ्या भट्टीच्या धुळीत. तो मापक जागेवर नाही हे चोरी किंवा पडझड झाली त्या दिवशी कळलं नव्हतं. कुणी तिथवर गेलं तेव्हा कळलं.

आता त्या शिडीखाली उभ्या असलेल्या माणसाबद्दल. हॉपर साफ करणारा बहुधा कंत्राटी असतो. अमळनेर-पारोळ्याकडचा असेल तर अहिराणी बोलतो, शहादा-धडगावकडून आलेला असेल तर पावरी किंवा भिलोरी. त्याला त्या पिवळ्या डब्याविषयी विचारलं तर उत्तर येतं, "त्यामा काय शे भाऊ, ते बंदच शे ना!" तीन पाकळ्यांचं चिन्ह त्याला काहीच सांगत नाही. हा त्याचा अडाणीपणा नव्हे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ११ देशांतल्या १,६५० लोकांना विचारून पाहिलं आणि २००७ साली मोठ्या स्रोतांसाठी नवं चिन्ह काढलं : लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. तीन पाकळ्यांतून सामान्य माणसाला धोका कळत नाही, हे जगानेच मान्य केलं आहे. मग आपल्या गेजवरच्या पाटीखाली मराठीत, आणि जिथे गरज आहे तिथे पावरीतही, दोन ओळी का असू नयेत? शटर बंद केल्याशिवाय आत शिरू नकोस. डबा सैल दिसला तर हात न लावता सांग. आणि त्याच्या शेजारी शेवटच्या गळती चाचणीची तारीख, बोळ्यावर किती बेकेरेल निघाले तो आकडा, मोजणाऱ्या प्रयोगशाळेचं नाव, विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन नंबर.

यात नवं किंवा क्रांतिकारी असं काही नाही. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात जे घडलं त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना द्यायची, सुरक्षा समितीत कामगार घ्यायचे आणि धोका दिसला तर तो सांगण्याचा हक्क कामगाराला द्यायचा, असं त्यात आलं. एवढी माणसं गेल्यावर हाती आलेलं ते तत्त्व आहे. शिरपूरजवळच्या वाघाडीत ३१ ऑगस्ट २०१९ ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. त्याचा किरणोत्सर्गाशी संबंध नव्हता, पण मेले ते मजूर आणि त्यांची लेकरं होती. कारखान्याच्या भिंतीआडची माहिती कुणाच्या जिवाची आहे, हे खानदेशाला आणखी कुणी समजावून सांगायची गरज नाही.

बंद पडलेल्या कारखान्यांची गोष्ट मला सर्वांत जास्त छळते. आपल्या भागात सहकारी कारखाने, सूतगिरण्या, जिनिंग मिल, एमआयडीसीतली छोटी युनिटं बंद पडण्याचा इतिहास मोठा आहे. दीपनगरातही जुना संच निवृत्त झाला, ५०० मेगावॅटचे दोन संच आले, मग ६६० मेगावॅटचा आला. तिथे निदान सरकारी कंपनी आणि तिची माणसं मागे असतात. खासगी युनिट बंद पडतं तेव्हा आधी पगार थकतात, मग जाणते लोक निघून जातात, आणि त्यांत विकिरण सुरक्षा अधिकारीही जातो. वीज तुटते. पहारेकरी एकटा उरतो. मग बँकेची जाहिरात येते : यंत्रसामग्री 'जसे आहे, जेथे आहे' तत्त्वावर. त्या यंत्रसामग्रीत एखादा गेज असला तर तोही जसा आहे तसाच जातो. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं आहे. १९९५ साली बसवलेल्या स्रोतात २०२५ मध्ये निम्मा जोर शिल्लक होता. अमेरिशियमचं अर्धायुष्य ४३२ वर्षं. कारखाना थकतो, दिवाळ्यात निघतो, पण आतला स्रोत त्याच्याबरोबर थकत नाही.

दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली हेच घडलं. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून वापराविना पडलेलं कोबाल्ट-६० चं एक उपकरण लिलावात भंगार म्हणून गेलं. भंगारवाल्यांनी शिशासाठी आवरण फोडलं, आतल्या कांड्या कापल्या. एकाचा जीव गेला, आणखी कित्येक भाजले, आजारी पडले. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ साली सोडून दिलेल्या दवाखान्यातला सीझियमचा स्रोत भंगारात गेला. आतली निळी चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली. चौघे मेले, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं, आणि १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली. ते स्रोत गेजपेक्षा कितीतरी मोठे होते, हे मान्य. तरी वाट तीच आहे : मालक नाही, नोंद कुणी पाहत नाही, आणि शिशाला भाव आहे. आपल्याकडचं भंगार जालन्याच्या पोलाद भट्ट्यांपर्यंत जातं. भट्टीच्या दारात किरणोत्सर्ग पकडणारं यंत्र असलं तरी शिशाच्या डब्यात बंद असलेला स्रोत त्याच्या नजरेतून सुटू शकतो. २००८ साली भारतातून गेलेल्या पोलादाच्या लिफ्टच्या बटणांत फ्रान्समध्ये कोबाल्ट-६० सापडलं होतं. भट्टीत शिरलेला स्रोत कुठवर प्रवास करतो, त्याचा हा पुरावा.

नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय स्रोत विकता येत नाही, तो उत्पादकाकडे किंवा ठरवून दिलेल्या ठिकाणीच परत जायला हवा, हा नियम आहेच. त्यासाठी ऑनलाइन नोंदणीची यंत्रणाही आहे. पण बँकेचा वसुली अधिकारी आणि न्यायाधिकरणाने नेमलेला अवसायक (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा) ही नोंद उघडून पाहतात का? त्यांच्या यादीत 'लेव्हल गेज, १ नग' एवढंच असतं. म्हणून माझी मागणी आहे की, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जिल्ह्यातल्या स्रोतांची यादी असावी, आणि लिलावाची जाहिरात निघण्याआधी त्या यादीशी पडताळणी व्हावी. यादीत नाव असेल तर नवी गळती चाचणी, मग स्रोत काढून परत पाठवणं, मग लिलाव. चाचणी आधी हवी, कारण पडीक उपकरण हलवायला येणाऱ्या माणसांना त्याच्या अंगाला काय लागलं आहे ते माहीत असलं पाहिजे. सिएटलमध्ये मे २०१९ ला एका संशोधन इमारतीतून सीझियमचं उपकरण हलवण्याची तयारी करताना कामगारांकडून स्रोताची कॅप्सूलच कापली गेली. १३ जणांच्या अंगाला सीझियम लागलं आणि इमारत दीर्घकाळ बंद राहिली. तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखालची जागा होती.

या मागणीवर एक आक्षेप येतो, आणि तो मला वजनदार वाटतो. स्रोत कुठे आहेत हे जाहीर केलं तर चोरांना आणि त्याहून वाईट हेतूच्या लोकांना पत्ता मिळेल. मोठ्या स्रोतांच्या बाबतीत ही भीती पूर्ण खरी आहे. म्हणूनच मी जिल्ह्याची यादी वर्तमानपत्रात छापा असं म्हणत नाही. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे, अग्निशमन दलाकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे असावी. जो माणूस रोज त्या डब्याखालून जातो, त्याच्यापासून मात्र काय लपवायचं? डबा त्याला दिसतोच आहे. त्याला कळत नाही ते एवढंच की तो धड आहे की नाही. लोक घाबरतील हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. 'बोळ्यावर पार्श्वभूमीपेक्षा, म्हणजे सगळीकडे असतोच त्या किरणोत्सर्गापेक्षा, जास्त काही नाही' असं लिहिलेला कागद वाचून कोण घाबरेल? घबराट होते ती अफवेतून, आणि अफवेला जागा मिळते ती कागद कपाटात असल्यामुळे.

खर्चाचं म्हणाल तर बोळा, पिशवी आणि मोजणी याहून जास्त काही लागत नाही. अडचण आहे ती अंतराची. मान्यताप्राप्त मोजणी बहुधा मोठ्या शहरांकडे, आणि छोट्या युनिटला नमुना पाठवणं, उत्तराची वाट पाहणं हे जड जातं. मग मीटर फिरवून सही होते. जळगावात १९९० पासून आपलं विद्यापीठ आहे, आता बहिणाबाईंच्या नावाने उभं आहे. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात गॅमा आणि द्रव-प्रस्फुरण मोजणीची सोय करून, नियामक मंडळाची मान्यता घेऊन, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे बोळे तिथेच मोजता येतील. विद्यार्थ्यांना खरं काम मिळेल आणि युनिटवाल्याला दोन दिवसांत उत्तर. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून यासाठीची रक्कम मागायला अधिसभा सदस्यांनी आणि आमदारांनी पुढं यावं. कामगार संघटनांनी तोवर थांबायचं कारण नाही. सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत त्यांनी शेवटच्या गळती चाचणीचा अहवाल टेबलावर मागावा, आणि त्यात बोळ्याच्या मोजणीचा आकडा आहे की नुसतं मीटरचं रीडिंग, ते आधी पाहावं.